दुखऱ्या तळव्यांची घरच्या घरी मालीश: सुरुवात पोटरीपासून

दिवसभर उभ्याने काम केल्यावर संध्याकाळी पायांतले बूट काढावेत आणि तळवे ठणकू लागावेत, हा अनुभव ज्यांच्या रोजच्या वाट्याला येतो, त्यांचा हात अशा वेळी आपसूक सर्वांत दुखऱ्या जागेकडे जातो. तिथे अंगठा रुतवून जोर लावला की दोन मिनिटे बरे वाटते. मात्र सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत पुन्हा तीच कळ उठते. फळ्यासमोर उभे राहून शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि अशी चुकीची मालीश मी कितीतरी दिवस केली. पुढे पावलाची रचना समजून घेतल्यावर आणि हात सावकाश चालवायला शिकल्यावर उमगले ते असे, की तळव्याचे दुखणे सहसा एकट्या तळव्याचे नसते. पोटरी, घोटा, तळवा आणि बोटे ही एकाच ओढीने बांधलेली आहेत. त्यामुळे मालीश पोटरीपासून सुरू करावी, दुखऱ्या जागेवर सर्वांत शेवटी यावे आणि तिथेही जोर कमी व वेळ जास्त द्यावा. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. तळव्याच्या कातडीखाली, टाचेच्या हाडापासून निघून पाचही बोटांच्या मुळांपर्यंत पोहोचणारा एक जाड, चिवट पट्टा असतो आणि पावलाची कमान तोलून धरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. हा पट्टा हाताला लागतो आणि डोळ्यांना दिसतोही. खुर्चीत बसून एक पाऊल दुसऱ्या मांडीवर ठेवावे आणि पायाचा अंगठा हाताने नडगीच्या दिशेने मागे ओढावा. कमानीच्या आतल्या कडेला कातडीखाली एक ताठ दोरी उमटते आणि कमान वर उचलली जाते. हिक्स या संशोधकांनी १९५४ मध्ये या क्रियेचे वर्णन करताना तिची तुलना दोर गुंडाळणाऱ्या रहाटाशी केली होती. चालताना टाच उचलली की दर पावलागणिक हा रहाट एकदा फिरतो, आणि दिवसभरात हजारो वेळा ताणला गेलेला पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथे दुखू लागतो.

पोटरीचा संबंध इथेच येतो. पोटरीचे दोन मोठे स्नायू टाचेच्या मागच्या जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात, तर पायाची बोटे वाकवणारे लांब स्नायू पोटरीच्या आत खोलवर असून त्यांच्या कंडरा घोट्याच्या आतल्या बाजूने वळून तळव्यात उतरतात. पोटरी आखडलेली असेल, तर चालताना घोटा पुढे पुरेसा वाकत नाही आणि ती कसर पावलाला भरून काढावी लागते. म्हणूनच पोटरी तशीच ताठ ठेवून नुसता तळवा रगडत राहिले, तर मिळणारा आराम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही टिकत नाही.

मालीश केल्याने बरे का वाटते, याविषयी काही चुकीच्या समजुती रूढ आहेत. तळव्याचा पट्टा इतका चिवट असतो, की अंगठ्याने कितीही दाबला तरी तो लांबत नाही. आणि श्रमाने स्नायूंत साठणारे लॅक्टिक आम्ल तर काम थांबल्यावर साधारण तासाभरात आपोआप ओसरते, ते पिळून काढावे लागत नाही. आराम पडतो तो बराचसा मज्जासंस्थेमुळे. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मेरुरज्जूपाशी पोहोचले, की वेदनेच्या संदेशांची पुढे जाण्याची वाट अरुंद होते. ठेच लागल्यावर आपण ती जागा नकळत चोळतो आणि कळ ओसरते, त्याची उकल या सिद्धान्तातून होते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की दाब सुखद असेल तोवरच तो उपयोगाचा असतो. दाबच दुखू लागला की स्नायू स्वतःला वाचवण्यासाठी आणखी आखडतात. तळव्यावर यकृत, मूत्रपिंड वगैरे अवयवांचे बिंदू दाखवणारे तक्ते पुष्कळ ठिकाणी दिसतात. ते बिंदू दाबून त्या अवयवांचे आजार बरे होतात याला भक्कम वैज्ञानिक आधार नाही, आणि दमलेला पाय मोकळा करायला त्या तक्त्यांची गरजही पडत नाही.

हात लावण्यापूर्वी

काही दुखणी मालीश करण्याजोगी नसतात, आणि हा भाग घाईने वाचून पुढे जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, विशेषतः लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे यांनंतर असे झाले असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशी पोटरी चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. पाय मुरगळल्यावर किंवा मार लागल्यावर त्या पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, अथवा हाडावर बोट ठेवताच तीव्र वेदना होत असेल, तर आधी हाड मोडलेले नाही याची खात्री करून घ्यावी. जखम, पिकलेली जागा, बुरशीचा संसर्ग, एकाएकी लाल होऊन ठणकणारा अंगठ्याचा सांधा, फुगून वर आलेल्या शिरा या ठिकाणी दाब देऊ नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी खोल दाब टाळावा, कारण थोड्याशा दाबानेही काळेनिळे पडू शकते.

मधुमेहींसाठी वेगळी सूचना आहे. मधुमेहात पावलांची संवेदना हळूहळू कमी होऊ शकते आणि ती कमी झाल्याचे माणसाला पुष्कळदा कळतही नाही. अशा पायाला दाब किती झाला, पाणी किती गरम आहे, कातडी कुठे सोलवटली, हे सांगताच येत नाही. संवेदना कमी झालेल्या पायाला गरम पाणी, बर्फ आणि जोराचा दाब या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात आणि हलक्या हाताने मालीश करायची असली तरी आधी डॉक्टरांना विचारावे.

तयारी फार लागत नाही. पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवल्यास कातडी मऊ पडते आणि मनही सैल होते. पाण्याचे तापमान ३७ ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, तापमापक नसेल तर कोपर बुडवून पाहावे. नंतर पाय कोरडे करताना बोटांच्या बेचक्या विसरू नयेत, कारण तिथला ओलावा बुरशीला आमंत्रण देतो. हातांची नखे कापलेली असावीत. कुठलेही साधे, वास नसलेले तेल चालते, पण एका पावलाला चार-पाच थेंब पुरतात. तेल जास्त झाले की हात नुसता घसरत राहतो आणि ताठरलेली जागा अंगठ्याखाली पकडता येत नाही.

पोटरी आणि घोटा

खुर्चीत पाठ टेकून बसावे आणि एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्याजवळ, मांडीवर ठेवावा. गुडघा किंवा कंबर इतकी वळत नसेल, तर ओढाताण करू नये. पाय समोरच्या स्टुलावर ठेवून पोटरीपर्यंत हात पोहोचतो, आणि तळव्याचे काम पुढे सांगितलेल्या चेंडूने करता येते. प्रथम दोन्ही हातांच्या तळव्यांनी घोट्यापासून गुडघ्याच्या दिशेने पोटरीवरून सात-आठ वेळा सावकाश हात फिरवावा. वर जाताना हलका दाब आणि खाली येताना नुसता स्पर्श, असा क्रम ठेवावा. त्यानंतर पोटरीचा मांसल भाग अंगठा आणि चार बोटे यांच्या पकडीत धरून, कणीक मळावी तसा, पण चिमटे न घेता मळत जावे. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात मात्र दाब देऊ नये, कारण तिथून रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात.

हात लवकर दमत असतील तर एक सोपी युक्ती आहे. जमिनीवर किंवा पलंगावर उताणे झोपावे, दोन्ही गुडघे वाकवावेत आणि एका पायाची पोटरी दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर टेकवावी. पायाच्याच वजनाने पोटरी दाबली जाते. तिला गुडघ्यावर हळूहळू पुढेमागे सरकवावे आणि जिथे अधिक दुखते तिथे थांबून घोटा दहा वेळा वर-खाली हलवावा. पोटरीला एकूण तीन मिनिटे द्यावीत. घाई असेल त्या दिवशी तळव्याची वेळ कमी करावी, पोटरीची करू नये.

पोटरीनंतर घोट्याकडे यावे. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांभोवती बोटांच्या टोकांनी छोटी वर्तुळे काढावीत. आतल्या उंचवट्याच्या मागून तळव्याकडे एक मोठा मज्जातंतू जातो. तिथे दाबताना तळव्यात मुंग्या आल्या किंवा विजेसारखी सणक गेली, तर बोट लगेच बाजूला घ्यावे. मग पावलाच्या वरच्या बाजूस, बोटांच्या बेचक्यांपासून घोट्याकडे जाणाऱ्या हाडांमधल्या चार खाचांतून एकेक बोट हलके ओढत न्यावे. घट्ट बूट वापरणाऱ्यांना या खाचा किती दुखऱ्या असतात हे इथे हात लावल्यावरच कळते.

तळवा

तळव्याचे काम करताना स्वतःच्या हाताच्या अंगठ्याचीही काळजी घ्यावी लागते. नुसत्या अंगठ्याच्या टोकाने दाबत राहिले तर चार दिवसांत अंगठ्याचा सांधा दुखू लागतो. अंगठा सरळ ठेवून त्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा आधाराला ठेवावा, किंवा मूठ सैल वळून बोटांच्या मधल्या पेरांनी दाब द्यावा. जोर मनगटातून लावण्याऐवजी शरीर किंचित पुढे झुकवून लावावा.

आधी पाऊल दोन्ही हातांनी धरावे. हातांचे अंगठे तळव्याच्या मधोमध आणि बाकीची बोटे पावलाच्या वरच्या बाजूला ठेवून, मिटलेले पुस्तक उघडावे तसा चवडा बाहेरच्या बाजूंना पसरवावा, तीन सेकंद थांबावे आणि सोडावे. असे पाच-सहा वेळा केले की दिवसभर बुटात आवळलेला चवडा रुंदावल्यासारखा वाटतो. मग चवड्यातली शेजारशेजारची दोन हाडे दोन हातांत धरून एक वर तर दुसरे खाली, अशी हलकेच हलवावीत. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या दरम्यान जळजळ, किंवा खडा रुतल्यासारखी भावना वारंवार होत असेल, तर तिथला मज्जातंतू जाड झालेला असू शकतो. ती जागा दाबू नये, तपासून घ्यावी.

आता कमान. टाचेच्या पुढच्या कडेपासून बोटांच्या मुळांपर्यंत तीन रेषा मनाशी आखाव्यात: एक आतल्या कडेने अंगठ्याकडे, एक मधून, एक बाहेरच्या कडेने करंगळीकडे. प्रत्येक रेषेवरून अंगठा इतक्या सावकाश न्यावा, की टाचेपासून चवड्यापर्यंत पोहोचायला दहा सेकंद तरी लागतील. याच गतीने गेल्यास हाताला काहीतरी कळते. मधल्या रेषेवर, कमानीच्या सर्वांत उंच भागापाशी, बहुतेकांना गव्हाच्या दाण्याएवढी ताठर जागा लागते. तिच्यावरून भरभर गेले तर ती अंगठ्याखालून निसटते. ती सापडली की घासणे थांबवावे आणि अंगठा तसाच स्थिर ठेवून वीस ते तीस सेकंद वाट पाहावी. पहिले दहा सेकंद ती जागा हट्टाने जशीच्या तशी राहते, दुखणे किंचित वाढल्यासारखेही वाटते. नंतर, एखादा दीर्घ श्वास सोडताना, अंगठा न दाबताच थोडा आत जातो आणि दुखण्याची धार बोथट होते. हा क्षण ओळखता येऊ लागला, की जोराची गरज का नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. तीस सेकंदांनंतरही फरक पडला नाही तर तिथे हटून बसू नये, पुढे जावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.

दाब किती असावा, यासाठी शून्य ते दहा अशी मोजपट्टी मनात धरावी आणि दुखणे पाचाच्या वर जाऊ देऊ नये. आकड्याचा अंदाज येत नसेल तर शरीराकडे पाहावे: श्वास रोखला गेला, दात आवळले गेले किंवा पायाची बोटे आत वळली, तर दाब जास्त झाला आहे.

टाच शेवटी घ्यावी. टाचेच्या तळाशी चरबीची मऊ गादी असते आणि ती चालताना बसणारे धक्के झेलते. तिला रगडण्याने काही लाभ नाही. टाचेच्या दोन्ही कडा तळहातांच्या चिमटीत धरून दाबाव्यात आणि सोडाव्यात, मागच्या कंडरेच्या दोन्ही बाजूंनी बोटे वर-खाली फिरवावीत. टाचेच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूस, सकाळी जिथे कळ येते ती जागा असते. तिथे बोट आडवे ठेवून पट्ट्याच्या आडव्या दिशेने हलके हलके मिनिटभर चोळावे, याहून अधिक काही करू नये.

राहिली बोटे. प्रत्येक बोट मुळाशी धरून सरळ रेषेत हलके ओढावे आणि दोन्ही दिशांनी फिरवावे. मग हाताची बोटे पायाच्या बोटांच्या बेचक्यांत गुंतवावीत आणि त्या पकडीनेच सगळे पाऊल गोलाकार फिरवावे. पहिल्यांदा हाताची बोटे आत शिरतच नाहीत. तेव्हा फक्त टोके गुंतवावीत, काही दिवसांत जागा होते.

चेंडू आणि गारवा

ज्यांचा हात पावलापर्यंत पोहोचत नाही किंवा ज्यांना काम करता करता पाय मोकळे करायचे आहेत, त्यांच्यासाठी टेनिसचा चेंडू उत्तम. खुर्चीत बसून चेंडू तळव्याखाली ठेवावा आणि टाचेपुढून चवड्यापर्यंत दोन मिनिटे सावकाश फिरवावा. बसूनच करावे, हे मी आग्रहाने सांगते. एकदा लवकर आराम पडावा म्हणून मी कडक रबरी चेंडूवर उभी राहून टाचेवर सगळा भार दिला. तेव्हा आत काहीतरी सुटल्यासारखे वाटले, पण दुसऱ्या दिवसापासून दोन आठवडे मी टाच उचलून चालत होते. टाच गरम आणि हुळहुळी झालेली असेल, तर पाणी भरून गोठवलेली प्लॅस्टिकची बाटली पातळ कापडात गुंडाळून पाच ते दहा मिनिटे तळव्याखाली फिरवावी. कापड काढू नये आणि पाय बधिर वाटू लागताच थांबावे.

मालीश झाल्यावर तळव्यावरचे तेल पुसल्याशिवाय उठू नये. तेलकट तळव्याने गुळगुळीत फरशीवर पाय घसरून पडणे फार सहज घडते. मोजे घालून किंवा तळवे नीट पुसूनच पाऊल टाकावे.

एका पायाला दहा मिनिटे, अशी ही मालीश रोज करावी. आठवड्यातून एकदा तासभर केल्याने तेवढा उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. उभे राहून आलेली रग बहुधा त्याच संध्याकाळी उतरते. टाचेचे जुने दुखणे मात्र आठवडे, कधी कधी महिने घेते, आणि तेवढ्या काळात झिजलेल्या तळाचे बूट वापरत राहिले तर हाताने केलेले काम पायाखाली वाया जाते. दोन-तीन आठवड्यांत काहीच उतार पडला नाही, रात्री झोपेतही दुखत राहिले, किंवा बधिरपणा वाढत गेला, तर डॉक्टरांना दाखवावे. रात्री पोटरीत गोळा आला तर चोळण्यापूर्वी गुडघा सरळ करून पावलाची बोटे नडगीकडे ओढून धरावीत. गोळा सुटल्यावर मग हलका हात फिरवावा.

सकाळचे पहिले पाऊल

रात्रभर झोपेत पावले खाली झुकलेली असतात, तळव्याचा पट्टा सैल स्थितीत ताठरतो आणि उठताक्षणी त्याच्यावर अचानक सगळा भार येतो. सकाळची कळ त्यातून येते. म्हणून दिवसाचा पहिला ताण पाय जमिनीला लागण्यापूर्वीच द्यायचा असतो. अंथरुणाच्या कडेला बसून दुखरे पाऊल दुसऱ्या मांडीवर ठेवावे, एका हाताने पायाची सगळी बोटे मुळाशी धरून नडगीच्या दिशेने ओढावीत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमानीतली ती दोरी ताठ झाली आहे का हे चाचपून पाहावे. दहा सेकंद धरावे, सोडावे, आणि असे दहा वेळा करावे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाचेच्या जुनाट दुखण्याच्या रुग्णांनी हाच ताण दिवसातून तीनदा, आठ आठवडे दिला होता, आणि केवळ टाचेमागच्या कंडरेला ताण देणाऱ्या रुग्णांपेक्षा त्यांना अधिक उतार पडला होता. उरलेल्या दोन वेळांसाठी, बराच वेळ बसून उठण्यापूर्वीचा क्षण निवडावा. सकाळी ताण देऊन झाल्यावर लगेच उभे न राहता अंथरुणाजवळ ठेवलेल्या मऊ तळाच्या चपला पायांत सरकवाव्यात, दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकवावीत, हातांनी पलंगाच्या कडेचा आधार घेऊन भार हळूहळू पायांवर येऊ द्यावा आणि मग चालू लागावे.